महाराष्ट्राचा इतिहास सातवाहनांपासून सुरू होतो असं वाटायचं, सांकलियांनी तो पांढरीच्या मातीतून हजारो वर्षं मागं नेला

मराठवाड्यातल्या कुठल्याही जुन्या गावात दोन शब्द हमखास ऐकू येतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन. पांढरी म्हणजे गाव वसलंय ती जागा.

आता पांढरीची माती पांढुरकी का असते? तर शेकडो वर्षं त्याच जागी चुली पेटतात, राख पडते, जनावरं बांधली जातात, मातीची घरं पडतात आणि पडक्या भिंतींवरच नवी घरं उभी राहतात. हे सगळं साचत साचत टेकाड होतं. लोकांनी ही माती माळवदावर पसरली, गढ्यांच्या भिंतींना वापरली, शेतात नेऊन टाकली. त्यात मधूनच रंगीत खापरं निघायची, मणी निघायचे, हाडं निघायची. कुणी फारसं लक्ष दिलं नाही.

छत्रपती संभाजीनगरहून बीडकडे जाताना लागणारं पाचोड घ्या. पैठण तालुक्यातलं बाजाराचं गाव. मोसंबीच्या हंगामात इथून गाड्या भरून माल परराज्यात जातो. जमिनीतून पिकवायचं, ते विकायचं आणि आपल्याकडे नाही ते बाहेरून आणायचं, हा व्यवहार या भागात किती जुना असेल?

शाळेत शिकलेलं उत्तर म्हणजे सातवाहनांपासून. पैठण त्यांची राजधानी, तिथून भडोचच्या बंदरापर्यंत व्यापार. म्हणजे झाली दोन हजार वर्षं. पण खरं उत्तर त्याच्याही मागं जवळपास दीड हजार वर्षं जातं. तेव्हा इथं राजा नव्हता, नाणं नव्हतं, लिपी नव्हती. माणसं मात्र होती, शेती होती आणि देवाणघेवाणही होती.

हे ज्या माणसामुळे कळलं त्याचं नाव हसमुख धीरजलाल सांकलिया.

अशक्त पोरगं आणि टिळकांचं पुस्तक

सांकलियांचा जन्म १० डिसेंबर १९०८ चा, मुंबईतल्या एका गुजराती घरातला. जन्मतःच पोर इतकं अशक्त होतं की ते जगेल की नाही याचीच शंका होती. पुढं याच माणसानं नद्यांच्या काठांनी मैलोन्‌मैल पायपीट केली.

तरुणपणी त्यांच्या वाचनात लोकमान्य टिळकांचं 'आर्क्टिक होम इन द वेदाज' हे पुस्तक आलं. आर्य मुळात कुठले, हा त्याचा विषय. इतिहास इतका मागं जाऊ शकतो, ही गोष्ट त्यांच्या डोक्यात बसली. त्यांनी संस्कृत घेतलं, मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकले. तिथे फादर हेरास नावाचे स्पॅनिश धर्मगुरू भारतीय इतिहासाचं मोठं काम करत होते. त्यांच्या हाताखाली सांकलियांनी नालंदा विद्यापीठावर प्रबंध लिहिला. १९३४ मध्ये तो पुस्तक म्हणून छापून आला.

इथपर्यंत गाडी नेहमीच्या रुळावर होती. ग्रंथ वाचायचे, शिलालेख वाचायचे, मूर्ती बघायच्या आणि इतिहास लिहायचा.

पीएचडीसाठी ते लंडनला गेले. विषय होता गुजरातचं पुरातत्त्व. तिथे असताना त्यांना मेडन कॅसल या जागेवर काम करायची संधी मिळाली. इंग्लंडमधला हा प्राचीन डोंगरी किल्ला, आणि तिथे खणकाम चालवत होते मॉर्टिमर व्हीलर. हेच व्हीलर पुढं १९४४ मध्ये भारताच्या पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झाले.

व्हीलरांच्या कामाची शिस्त वेगळी होती. जमीन थराथरानं उलगडायची. कुठली वस्तू कुठल्या थरात सापडली याची नोंद करायची. वरचा थर नवा, खालचा जुना. वस्तू कितीही सुंदर असली तरी ती कुठल्या थरातली हे माहीत नसेल, तर तिच्यातून इतिहास फारसा कळत नाही. ही शिस्त घेऊन सांकलिया १९३६ ची पीएचडी खिशात घालून परतले.

बंद पडलेलं कॉलेज आणि नवी नोकरी

पुण्याचं डेक्कन कॉलेज १८२१ च्या पाठशाळेपासून वाढत आलेलं. सरकारनं १९३४ मध्ये ते बंद केलं होतं. १९३९ मध्ये ते संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडलं. त्याच वर्षी तिथे दोन नव्या माणसांची नेमणूक झाली. एक इरावती कर्वे आणि दुसरे सांकलिया. एक माणसांच्या समाजाचा अभ्यास करणाऱ्या, दुसरे माणसांनी मागं ठेवलेल्या वस्तूंचा.

तेव्हा महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासाबद्दल काय माहीत होतं? सोपाऱ्याला अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा मिळाला होता. लेणी होती. नाणेघाटात सातवाहनांचा लेख होता. म्हणजे लिहिलेला पुरावा जास्तीत जास्त इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकापर्यंत जात होता. त्याच्या मागं अंधार.

दख्खनच्या काळ्या कातळावर अश्मयुगातला माणूस राहिलाच नसेल, असंही अनेकांना वाटायचं. कारण दगडी हत्यारांसाठी जो दगड इतरत्र वापरलेला दिसतो, तो इथं मिळत नाही.

खरंतर एक पुरावा पैठणच्या शेजारीच मिळालेला होता. १८६५ मध्ये वाईन नावाच्या भूशास्त्रज्ञाला गोदावरीकाठच्या मुंगी गावाजवळ नदीच्या जुन्या वाळू-गोट्यांच्या थरात अकीक दगडाचं एक छिलकं मिळालं होतं, माणसाच्या हातानं काढलेलं. त्याच थरात नामशेष झालेल्या प्राण्यांची हाडं होती. पण एका तुकड्यावर कोण विश्वास ठेवणार? पुढची ऐंशी वर्षं तो विषय तसाच पडून राहिला.

सांकलियांनी नदीकाठ धुंडाळायला सुरुवात केली. नाशिकजवळ गंगापूरला गोदावरीच्या जुन्या थरात त्यांना दगडी हातकुऱ्हाडी मिळाल्या. एक-दोन नाही, चांगला संच. हत्यारं इथल्याच दगडाची. म्हणजे माणूस इथं होता आणि जो दगड हाताशी होता त्यातच त्यानं भागवलं होतं. १९५२ मध्ये सांकलियांनी गोदावरीच्या या अश्मयुगावर स्वतंत्र ग्रंथ काढला. महाराष्ट्राची गोष्ट एका झटक्यात काही लाख वर्षं मागं गेली.

शिकारी माणसाच्या गळ्यात समुद्राचे शिंपले

दरम्यान १९४० च्या दशकात सांकलिया आणि इरावतीबाई गुजरातेत लांघणज नावाच्या गावी खणत होते. वाळूच्या टेकड्यांवर तिथे शिकार करून, कंदमुळं गोळा करून जगणारे लोक राहत होते. बोटाच्या पेराएवढी बारीक दगडी हत्यारं, खाल्लेल्या जनावरांची हाडं आणि माणसांचे सांगाडे मिळाले.

पण त्याच जागी समुद्रातल्या दंतशिंपल्यांचे मणी होते. पुढं तांब्याची एक सुरीही मिळाली. समुद्र तिथून लांब, आणि तांबं गाळणं हे काही या लोकांचं काम नव्हतं.

मग या वस्तू आल्या कुठून? सरळ अर्थ असा की रानात राहणारे हे लोक जगापासून तुटलेले नव्हते. त्यांच्याकडे रानातलं काहीतरी होतं, दुसऱ्यांकडे तांबं आणि शिंपले होते. कुठंतरी गाठ पडत होती आणि वस्तू हात बदलत होत्या. आदिम माणूस म्हणजे एकलकोंडा, बाहेरचं काही माहीत नसलेला, ही कल्पना लांघणजच्या मातीत ढिली पडली.

जोर्वे: एका गावाचं नाव अख्ख्या संस्कृतीला

१९५० मध्ये सांकलियांनी नगर जिल्ह्यात संगमनेरजवळच्या जोर्वे गावात खणायला घेतलं. प्रवरा नदीच्या काठचं गाव. सोबत शां. भा. देव. त्याच हंगामात नाशिकलाही काम चाललं होतं.

जोर्व्याला तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या. आणि खापरं मिळाली. पातळ, लाल, त्यावर काळ्या रंगाची नक्षी, इतकी पक्की भाजलेली की टिचकी मारली तर खणकन वाजावीत. त्यातलं तोटी असलेलं भांडं तर ओळखीची खूणच ठरली.

मग हीच खापरं दुसरीकडेही मिळू लागली. तापीच्या खोऱ्यात, गोदावरीच्या, प्रवरेच्या, भीमेच्या. आज अशा दोनशेहून जास्त जागा माहीत आहेत. कोकणपट्टी आणि पूर्व विदर्भ सोडला तर जवळपास अख्खा महाराष्ट्र. या सगळ्या काळाला नाव पडलं जोर्वे संस्कृती. काळ साधारण इसवी सनापूर्वी १४०० ते ७००.

ज्यांना आपलं नाव लिहिता येत नव्हतं, त्या शेतकऱ्यांची ओळख अशी त्यांच्या मडक्यांवरून पटली.

नेवासा: वरून खाली वाचलेलं पुस्तक

जोर्व्यावरून प्रवरा पुढं नेवाशाला येते आणि टोक्याजवळ गोदावरीला मिळते. तिथून गोदावरी पैठणला जाते. म्हणजे नेवासा आणि पाचोडचा पट्टा एकाच खोऱ्यातला.

नेवासा म्हटलं की लोकांना ज्ञानेश्वरी आठवते. सांकलियांना तिथलं लाडमोड टेकाड दिसलं. १९५४ पासून त्यांनी तिथे काम सुरू केलं.

या टेकाडात वरून खाली जाताना काळ उलटा चालतो. सगळ्यात वर मुसलमानी आणि मराठेशाहीच्या काळातले थर. त्याखाली सातवाहनांचा काळ, आणि त्यात भूमध्य समुद्राकडून दारू घेऊन येणाऱ्या रोमन सुरयांचे तुकडे. त्याखाली जोर्वे काळातल्या शेतकऱ्यांची घरं. आणि परिसरातल्या नदीच्या थरांत अश्मयुगातली हत्यारं, मोठ्या हातकुऱ्हाडी आणि त्यानंतरच्या काळातल्या अकीक, चर्ट अशा दगडांच्या छोट्या तासण्या. या दुसऱ्या प्रकारच्या हत्यारांना अभ्यासकांनी काही काळ नेवाशाचंच नाव दिलं होतं.

१९६० मध्ये या कामाचा अहवाल आला. त्याच्या नावातच इतिहासाकडून प्रागितिहासाकडे जाण्याचा उल्लेख होता. पुढं गुद्रुन कॉर्व्हिनस या जर्मन संशोधक बाईंनी नेवाशाजवळच्या चिरकी इथं अश्मयुगातली राहण्याची जागाच उत्खनन करून दाखवली.

नेवाशात एका लहान मुलाची दफनाची जागा मिळाली. गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. मण्यांच्या आत धाग्याचा अंश टिकून राहिला होता, कारण तांब्याच्या गंजानं त्याला कुजू दिलं नाही. तपासणीत तो रेशीम आणि कापूस मिळून कातलेला धागा निघाला.

विचार करा. तीन हजार वर्षांपूर्वी प्रवरेकाठच्या एका गावात कुणीतरी धागा कातला, लांबून आलेल्या तांब्याचे मणी त्यात ओवले आणि ती माळ गेलेल्या लेकराच्या गळ्यात ठेवली. हे कुठल्याही ताम्रपटात लिहिलेलं नाही.

इनामगाव: एक अख्खं खेडं

सांकलियांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम सुरू झालं १९६८ मध्ये. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. सांकलिया तेव्हा साठीला आले होते. सोबत झै. दा. अन्सारी आणि म. के. ढवळीकर.

तोपर्यंत बहुतेक ठिकाणी खड्डा खोल खणून थर मोजायची पद्धत होती. त्यातून काळ कळतो, पण गाव कळत नाही. इनामगावात त्यांनी आडवं, पसरून खणायचं ठरवलं. काम एक-दोन हंगामांत संपणारं नव्हतंच. ते १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चाललं. शंभराहून जास्त घरांच्या जमिनी उघड्या झाल्या.

काय दिसलं तिथे?

इसवी सनापूर्वी १६०० च्या सुमारास पहिले लोक आले. कुडाच्या भिंती, मातीचा गिलावा, वर गवताचं छप्पर. घरं चौकोनी, ऐसपैस. धान्य साठवायला जमिनीत पेवं आणि घरात मोठ्या मातीच्या कणग्या. चूल घरात.

जळून कोळसा झालेले दाणे मातीतून वेचून काढले तेव्हा त्यांचं जेवण कळलं. जव, गहू, मसूर, वाटाणा, कुळीथ. गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या पाळलेल्या. शिवाय हरणाची शिकार, नदीतले मासे, कासव, शिंपले. रानातली बोरंही होतीच. म्हणजे शेती होती तरी रान आणि नदी सुटलेली नव्हती. एक पीक बुडालं तर दुसरीकडून पोट भरायची सोय होती.

गावकऱ्यांनी पाण्यासाठी बांध घातला होता आणि पाट काढला होता. एवढं काम एकट्यादुकट्याचं नाही. गाव एकत्र आल्याशिवाय होत नाही. कुंभाराची भट्टी मिळाली, चुना भाजणाऱ्याची जागा मिळाली, सोनाराच्या आणि हस्तिदंताच्या कामाच्या खुणा मिळाल्या. गावाच्या मधोमध एक पाच खोल्यांचं घर होतं आणि त्याला लागून धान्याचं कोठार. यावरून अभ्यासकांनी अंदाज बांधला की गावाला कुणीतरी प्रमुख होता आणि धान्य त्याच्याकडे गोळा व्हायचं.

मेलेल्यांना हे लोक गावाबाहेर नेत नव्हते. घराच्या जमिनीखालीच पुरायचे. लहान मुलांना दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून. मोठ्यांना उताणं, आणि घोट्याखालचे पाय तोडून. गेलेलं माणूस घर सोडून जाऊ नये म्हणून असेल, असा त्याचा अर्थ लावतात. पण एका माणसाला मात्र चार पायांच्या मोठ्या रांजणात बसवून पुरलं होतं आणि त्याचे पाय शाबूत होते. गावात सगळे सारखे नव्हते, हे मरणातही दिसत होतं.

नाणं नाही, तरी व्यापार

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. या लोकांचा व्यापार कसा चालायचा?

इनामगावात सापडलेल्या कितीतरी वस्तू इनामगावच्या नव्हत्या. तांब्याची खाण आसपास नाही, तरी तांब्याच्या वस्तू आहेत. समुद्र घाटाखाली, तरी शंखाच्या बांगड्या आणि समुद्रातल्या माशांची हाडं आहेत. सोनं आहे, हस्तिदंत आहे.

अभ्यासकांनी यांची वाट शोधायचा प्रयत्न केला. शंख सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरून आले असावेत. सोनं आणि हस्तिदंत कर्नाटकाकडून. मासे घाट चढून कोकणातून, अर्थात सुकवूनच.

बदल्यात द्यायला काय होतं? धान्य होतं. दख्खनच्या कातळात मिळणारे अकीकासारखे रंगीत दगड होते, त्यांचे मणी व्हायचे. आणि ती खणकन वाजणारी भांडी होती.

तांबं महाग होतं हे तर लगेच कळतं. कारण रोजच्या कामाची पाती, म्हणजे कापायला, सोलायला, कापणीला लागणारी, दगडाचीच होती. एका दगडातून एकसारख्या धारदार पात्यांची ओळ काढायची कला या लोकांना अवगत होती. तांबं राखून ठेवलेलं कुऱ्हाडीसाठी आणि दागिन्यांसाठी.

हा व्यापार एका दमात होत नसावा. एका गावानं शेजारच्या गावाला दिलं, त्यानं पुढच्याला. मेंढपाळ फिरता फिरता माल इकडचा तिकडे नेत असतील. इनामगावच्या एका मडक्यावर वल्ही असलेल्या होडीचं चित्र आहे, म्हणजे पाण्याची वाटही माहीत होती.

पुढं हजारेक वर्षांनी याच मुलखातल्या वाटा मोठ्या झाल्या. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक खलाशानं लिहिलेल्या 'पेरिप्लस' या पुस्तकात पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर आणि तेर त्याच्या पूर्वेला आणखी दहा दिवसांवर असल्याची नोंद आहे. पैठणहून गाड्या भरून मौल्यवान दगड बंदराकडे जात होते. सातवाहनांच्या वैभवाचा आधार असलेल्या या व्यवहाराची सुरुवात शेतकऱ्यांनी आणि मेंढपाळांनी त्यांच्या कितीतरी आधी केलेली होती.

आणि मग गावं ओस पडली

इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास काहीतरी बिघडलं. गोदावरी-प्रवरा खोऱ्यातली बहुतेक जोर्वे गावं रिकामी झाली. नेवासा ओस पडलं. श्रीरामपूरजवळचं दायमाबाद, त्या काळातलं महाराष्ट्रातलं सगळ्यात मोठं गाव, तेही ओस पडलं.

भीमेच्या खोऱ्यात इनामगाव टिकलं, पण कसं? चौकोनी ऐसपैस घरं गेली आणि लहान गोल झोपड्या आल्या. भांड्यांची सफाई कमी झाली. शेतीचं उत्पन्न घटलं, शिकारीच्या जनावरांची हाडं वाढली, शेळ्या-मेंढ्यांवर भार वाढला. इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारास इनामगावही संपलं.

ढवळीकरांनी याचं कारण मांडलं, हवामान कोरडं होत गेलं आणि पाऊस कमी झाला. शेती करून स्थिरावलेल्या लोकांना पुन्हा जनावरांमागं भटकावं लागलं. हे कारण सगळ्या अभ्यासकांना जसंच्या तसं मान्य नाही. पण मराठवाड्यातल्या वाचकाला चारा-छावणीची आणि ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांची आठवण आल्याशिवाय राहणार नाही.

यातून एक गोष्ट मात्र कळते. शिकारी, मग मेंढपाळ, मग शेतकरी, मग शहर, अशी माणसाची शिडी सरळ वर जात नाही. पाऊस फिरला की शेतकरी मेंढपाळ होतो. ज्यांना आपण मागासलेलं म्हणतो त्यांचं ज्ञान तेव्हा कामाला येतं. कुठलं कंद खायचं, कुठं पाणी असतं, कळप कुठून न्यायचा.

प्रयोगशाळा, विद्यार्थी आणि वाद

हे सगळं फक्त कुदळीनं कळत नाही. सांकलियांनी डेक्कन कॉलेजात हळूहळू वेगवेगळ्या शास्त्रांची माणसं जमवली. नदीचे थर वाचणारे भूशास्त्रज्ञ, हाडं ओळखणारे, जळके दाणे ओळखणारे, मातीची रासायनिक तपासणी करणारे. १९४९ मध्ये लंडनहून झॉयनर हे नामांकित शास्त्रज्ञ येऊन गेले, त्यांच्याकडूनही पुष्कळ शिकायला मिळालं. कार्बन-१४ पद्धतीनं काळ ठरवायची सोय झाल्यावर तीही वापरली. पुरातत्त्व म्हणजे मूर्ती आणि नाणी, ही समजूत इथं बदलली.

आणखी एक वाट या कॉलेजानं धरली. आजचा कुंभार भट्टी कशी लावतो, मासेमार जाळं कसं टाकतो, धनगर वाडा कुठं बसवतो, पारधी कुठलं रान धुंडाळतात, हे बघून जुन्या खुणांचा अर्थ लावायचा.

सांकलिया वादात सापडले नाहीत असं नाही. १९७० च्या दशकात त्यांनी रामायणावर पुस्तक लिहिलं. पुरातत्त्वाच्या पुराव्यांशी ताडून बघत, लंका आजच्या श्रीलंकेत नसून मध्य भारतात कुठंतरी असावी असं मत मांडलं. टीका भरपूर झाली. त्यांनी आपली पद्धत सोडली नाही, पुरावा असेल तेवढंच बोलायचं.

१९७३ मध्ये ते निवृत्त झाले. १९७४ मध्ये पद्मभूषण मिळालं. १९७६ मध्ये म. श्री. माटे यांच्याबरोबरचं 'महाराष्ट्रातील पुरातत्त्व' हे मराठी पुस्तक आलं. आत्मचरित्राचं नाव त्यांनी ठेवलं 'बॉर्न फॉर आर्किऑलॉजी'. इनामगावचा अहवाल १९८८ मध्ये निघाला. त्यानंतर थोड्याच महिन्यांत, २८ जानेवारी १९८९ ला, पुण्यात त्यांचं निधन झालं. जगेल की नाही अशी शंका असलेलं पोर ऐंशी वर्षं जगलं होतं.

पाचोडच्या शेजारी आपेगाव

ज्ञानेश्वरांच्या घराण्याचं आपेगाव पैठण तालुक्यातच, गोदावरीच्या काठावर. तिथेही डेक्कन कॉलेजच्या लोकांनी उत्खनन केलं, आणि तिथल्या पांढरीतही याच ताम्रपाषाण काळातल्या शेतकऱ्यांची वस्ती निघाली. म्हणजे इनामगावची गोष्ट ही परक्या मुलखाची नाही. पाचोड, पैठण, शेवगाव, नेवासा या सगळ्या पट्ट्याचीच ती गोष्ट आहे.

आता अडचण अशी की हे पुस्तक कमी कमी होत चाललंय. जेसीबीनं टेकाडं सपाट होतात, पांढरी ट्रॅक्टरनं जाते, नदीकाठची वाळू उपसली जाते. एकदा थर विस्कटला की तो पुन्हा लावता येत नाही. त्यातलं भांडं मिळेल, पण ते कुणाचं, कधीचं, कशासोबत होतं, ते कायमचं गेलं.

१९७४ मध्ये दायमाबादला एका गावकऱ्याला खणताना तांब्याच्या चार वस्तू मिळाल्या होत्या. माणूस हाकतोय असा बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस. वजन मिळून साठ किलोहून जास्त. त्या पुरातत्त्व खात्यापर्यंत पोचल्या म्हणून आज त्यांची नोंद जगाला माहीत आहे. भंगारात गेल्या असत्या तर कुणाला पत्ताही लागला नसता.

जमिनीत अशी मौल्यवान जुनी वस्तू मिळाली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, असा १८७८ पासूनचा कायदाही आहे. साध्या खापरासाठी एवढी धावपळ कुणी करणार नाही, हे खरं. पण विहीर खणताना किंवा घराचा पाया घेताना काळ्या नक्षीचं लाल खापर दिसलं, तर ते जिथं आहे तिथं ठेवून एक फोटो काढायचा, जागा लिहून ठेवायची आणि तहसील कार्यालयाला किंवा पुरातत्त्व विभागाला कळवायचं, एवढं तर कुणालाही जमण्यासारखं आहे. अशाच लाल खापरांवरून जोर्व्याच्या शेतकऱ्यांची ओळख पटली होती.